हँड्सवर्थचं दार

"ही मान कधी मोडली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ग्लेनरॉय पिनॉकला आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाला विचारताहेत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं महिनाभर बधिर होती आणि कचेरीत चहाचा कप हातातून दोनदा सुटला होता, म्हणून तो इस्पितळात आला होता. मानेबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. पडद्यावर त्याचे मणके करड्या रंगात एकावर एक बसले होते. बाईंनी त्यातल्या एकावर पेनाचं टोक टेकवलं. तिथे बारीकशी पांढरी रेघ होती. जुनी चीर आहे, भरून आलीय, पण वाकडी भरलीय, म्हणून आता शीर चेपतेय, असं त्या म्हणाल्या. "मोडली नव्हती कधी," ग्लेनरॉय म्हणाला. "मोडली होती, मिस्टर पिनॉक," बाई शांतपणे म्हणाल्या. वयानं त्या त्याच्या मुलाएवढ्या असतील. "मोडली होती आणि ती तशीच घेऊन तुम्ही हिंडलात. नशीबवान आहात. शाळेत असताना वगैरे असणार. मोटारीनं उडवलं होतं? झाडावरून पडलात? आईला विचारा." आई नाही आता, तो म्हणाला. "मग दुसऱ्या कुणाला तरी विचारा. शस्त्रक्रिया करायची तर मला कळलेलं बरं. कसे पडलात, शुद्ध गेली होती का, सगळं." तो हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणायचा. कोट चढवताना डावी बाही सापडेना, तेव्हा बाईंनीच ती धरली, आणि त्याला उगाचच लाज वाटली.

बाहेर ऊन होतं. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ऊन पडलं की लोक कावरेबावरे होतात, कोट काढू की नको अशा चेहऱ्यानं चालतात. ग्लेनरॉयही तसाच चालला होता, पण उन्हामुळे नव्हे. त्याचा हात सारखा मानेमागे जात होता. मग तो वर सरकून टाळूवर गेला, तिथे नाण्याएवढं टक्कल होतं, पंधराव्या वर्षापासूनचं. पॉलेटला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते पिनॉकांच्या घराण्यातलं वाटायचं. घराण्यात कुणालाच टक्कल नव्हतं. ते ब्रेकडान्समध्ये डोक्यावर गिरक्या घेऊन पडलं होतं. हे तिला सांगायला काही हरकत नव्हती. त्या काळात निम्मा गाव डोक्यावर उभा राहिला होता, त्यात लपवण्यासारखं काय. पण एक सांगितलं की पुढचं सांगावं लागतं. आणि पुढचं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चीर म्हणजे पडणं, आणि ग्लेनरॉय कधी पडला नव्हता. नाचाच्या टोळीतले बाकीचे तिघं शंभरदा पडले, तो एकदाही नाही. तो फक्त पळाला होता. आयुष्यात एकदाच लोक त्याच्यासाठी गोल करून थांबले होते, आणि त्या गोलात पाय न टाकता तो दारातून निघून गेला होता. या एका गोष्टीवर त्यानं स्वतःबद्दलचं सगळं मत बांधलं होतं. आता ही पोरगी पेनाचं टोक टेकवून म्हणत होती, की हाड काही वेगळंच सांगतंय.

ते कसं सुरू झालं हे त्याला नीट आठवतं, मधलंही आठवतं, फक्त शेवटाशी गोंधळ आहे. एका गुरुवारी दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात एक माणूस पाय न उचलता मागे मागे सरकला, आणि शुक्रवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात धड चालणारा एक मुलगा उरला नव्हता. जो तो हात लाटेसारखे हलवत वर्गात येत होता. भूगोलाच्या मास्तरांना वाटलं, आपली चेष्टा चाललीय. मग लंडनहून कुणाच्या तरी चुलतभावानं टेप आणली, न्यूयॉर्कच्या रेडिओवरून उतरवलेल्या टेपची चौथी-पाचवी नक्कल, तिच्यात गाण्यापेक्षा खरखरच जास्त. ती खरखरसुद्धा त्यांना पाठ झाली होती. कुठल्या खरखरीनंतर ढोल येतो हे माहीत असायचं. मखनसिंग उप्पल, ज्याला सगळे मॅक म्हणत, त्याच्या बापाचं बिल्स्टनला गालिचे आणि लिनोलियमचं दुकान होतं. मॅकनं तिथून स्वयंपाकघराच्या जमिनीवर अंथरतात तसल्या गुळगुळीत लिनोलियमचा एक उरलेला तुकडा पळवला, तपकिरी आणि पिवळ्या चौकटींचा, आणि त्या तुकड्यामुळे ते चौघं एकदम टोळी झाले. लिनोलियम ज्याचं त्याचीच टोळी, असा तेव्हा हिशेब होता. बाकीच्यांकडे फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे असत. शनिवारी सकाळी ते ती वळकटी खांद्यावर घेऊन प्रेताला खांदा द्यावा तसे चौघं गावातून निघत. दुकानांच्या छताखालच्या चौकात ती अंथरायची, कडा चिकटपट्टीनं फरशीला चिकटवायच्या, वर लाकडी सामानाला लावायचं पॉलिश फवारायचं, आणि टेपरेकॉर्डर चालू करायचा. चिकटपट्टीचं काम मॅकचं. रखवालदार येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. सेल महाग होते म्हणून ते आदल्या रात्री घर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर ठेवून शेकायचे, म्हणजे मेलेल्यांत पुन्हा थोडा जीव यायचा. ग्लेनरॉयच्या आईनं एकदा सकाळी तिथे मोजे वाळत घालायला हात नेला तर तिला आठ सेल ओळीनं निजलेले दिसले. तिनं त्या रात्री प्रार्थनेला त्याला जरा जास्त वेळ गुडघ्यावर बसवलं.

आईला त्या नाचाचा राग नव्हता, डोक्याचा होता. "डोकं देवानं रविवारी हॅट घालायला दिलंय," ती म्हणायची, "लोकांच्या जमिनी पुसायला नाही." पण ग्लेनरॉयचं डोकंच तर नावाजलेलं होतं. हात आणि खांदे सगळ्यांचे चालत. डोक्यावर मात्र तो एकटाच असा फिरायचा की पाय वर फाकलेले, हात सोडलेले, लोकरीची टोपी खाली गरम होत चाललेली, आणि आजूबाजूचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच लांब चेहरा होत असे. त्याला ते फार आवडायचं. त्या लांब चेहऱ्याला कसली मतं नसायची. रस्त्यात त्याच्या आईला पाहून थुंकणारा माणूसही कदाचित त्या चेहऱ्यात असेल, पण फिरताना तो वेगळा काढता यायचा नाही. मुलं त्याला डायनमो म्हणत. मॅकसुद्धा फिरायचा, केसांच्या अंबाड्यावर पटका बांधून, जरा वाकडाच, आणि ग्लेनरॉय त्याला चिडवायचा, "तुझ्या डोक्याला देवानं उशीच बांधून दिलीय, तुझं काय कौतुक." मॅक म्हणायचा, "मग घे की तूही गुरूचं नाव. आईला मी समजावतो." आणि ते दोघं मग त्या लिनोलियमवर आडवे होऊन हसायचे. ग्लेनरॉयच्या आईला काही समजावण्याची हिंमत अख्ख्या वुल्व्हरहॅम्प्टनात कुणाची नव्हती.

आणि मग हँड्सवर्थ. बर्मिंगहॅमच्या त्या भागातल्या पोरांनी निरोप धाडला होता, अमुक शनिवारी दुपारी चर्चमागच्या सभागृहात या, बघू कोण कोणाला घरी पाठवतं. चौऱ्याऐंशी साल, पानं गळायला लागली होती. लिनोलियम बसच्या जिन्याखाली मावेना, म्हणून कंडक्टरशी वाद झाला. सभागृहात ओल्या कोटांचा आणि तळलेल्या माशाचा वास होता. समोरचे सहाजण, सगळ्यांचे एकसारखे निळे ट्रॅकसूट. यांच्यात दोन निळे, एक लाल, आणि मॅकचा तर बहिणीचा होता. एवढं सगळं लख्ख आठवतं. कोण आधी उतरलं, कोण घसरलं, कुठल्या मुलीनं शिट्टी मारली. मग कुणीतरी ओरडलं, डायनमो, डायनमो, आणि पाचपन्नास तोंडं त्याच्याकडे वळली. तो गोलाच्या काठावर उभा. टोपी डोक्यावर ओढली. उजवीकडे भिंतीत एक दार, त्यावर हिरवा दिवा. आणि त्याच्यापुढचं एकदम बस. परतीची बस, वरचा मजला, अंधारायला लागलेलं, काचेवर डोकं टेकलेलं, आणि तो एकटा. मधलं काहीच नाही. म्हणजे तेव्हा नव्हतं. पुढे कधीतरी त्या रिकाम्या जागेत दाराची कडी आली. लोखंडी, थंडगार. ती तळहाताला लागल्याचं त्याला इतक्या वेळा आठवलं होतं, की त्याबद्दल शंका घ्यायची त्याला कधी गरजच वाटली नाही. काठावर असलेला मुलगा बसमध्ये सापडला, मध्ये एक दार होतं. यातून काय ते शेंबड्या पोरालाही कळेल. तो आठवडाभर अंथरुणात पडून राहिला. मान वर होत नव्हती. लाजेनं मान वर होत नाही असं लोक म्हणतात, ते खरोखरच होतं हे त्याला पहिल्यांदा कळलं आणि नवलही वाटलं नाही. आईनं त्याच्या मानेला बे रम, तिचं ते सगळ्या दुखण्यांवरचं उग्र वासाचं औषध, चोळलं, फ्लू आहे म्हणाली, सूप पाजलं. मॅक दारात दोनदा येऊन गेला. आईनं विचारलं, भेटतोस का. ग्लेनरॉयनं भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तर तो नाचच जुना झाला, पोरं दुसऱ्या कशाकशाला लागली, आणि ग्लेनरॉय पिनॉक नाकासमोर चालणारा माणूस झाला.

तसा तो चांगला जगला. पालिकेच्या घरवाटप कचेरीत लागला, तिथेच राहिला. बढतीसाठी मुलाखत द्यायची वेळ आली की त्याला हमखास काहीतरी दुखायचं. पॉलेटशी लग्न झालं तेही तिनंच विचारलं म्हणून. बिल्स्टनच्या त्या रस्त्यानं तो कधी गेला नाही. घराच्या स्वयंपाकघरात नवं लिनोलियम घालायचं निघालं तेव्हा त्यानं पार डडलीपर्यंत गाडी काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पॉलेट वाटभर कुरकुरत होती, बिल्स्टनला सरदारजीचं एवढं मोठं दुकान असताना हा कुठे चाललाय. एकदा मुलगा, एल्ड्रिज, बारा वर्षांचा असेल, पोहण्याच्या शर्यतीला फळीवर उभा राहिला आणि शिट्टी वाजायच्या आत खाली उतरून कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसला. पॉलेट म्हणाली, "तू जा, तू बाप आहेस, काहीतरी बोल त्याच्याशी." ग्लेनरॉय आत गेला, पोराशेजारी बाकावर बसला, दोघंही ओल्या फरशीकडे बघत राहिले. त्याला वाटलं, आपण कुठल्या तोंडानं बोलणार. तो काहीच बोलला नाही. एल्ड्रिज पुन्हा कधी पोहायला गेला नाही, आणि त्याबद्दल आजही ग्लेनरॉयच्या मनात खोल काहीतरी खुपतं. आता चालता चालता त्याला एकदम ते बाक आठवलं, आणि मनात विचार आला, की मी पळालो नसेन तर? तर मग मी त्या दिवशी गप्प का बसलो? विचार एवढा विचित्र होता की तो रस्त्यातच थांबला. मागून एक बाई बाबागाडी घेऊन येत होती, ती त्याच्यावर आदळली आणि वर त्यालाच सॉरी म्हणाली.

घरी पॉलेटनं ताटात भात आणि घेवडा वाढून ठेवला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि आधी ताट सरकवलं, मग विचारलं. त्यानं चीर सांगितली. पंधराव्या वर्षीची, म्हणाला. शेवटी नाचाचंही सांगितलं, टोपीचं, टकलाचं. पळाल्याचं नाही सांगितलं. पॉलेटनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेहतीस वर्षं मी या टकलाचा बोल तुझ्या बापाला लावला. बिचारा." मग थोडी गंभीर झाली. "त्या सरदाराला विचार."

"कुठल्या?"

"तुझी आई सांगायची ना. डोक्यावर अंबाडा असलेला पोरगा, बिल्स्टनच्या गालिचेवाल्याचा, दारात येऊन रडला होता. तिला फार वाईट वाटायचं त्याचं, शेवटपर्यंत. तुला नाही बोलली कधी?"

"रडला होता?" ग्लेनरॉय म्हणाला. आपण टाकून आलेला मुलगा आपल्या दारात रडायला कशाला येईल, चिडायला येईल. हे कुठेच बसत नव्हतं. घास तोंडात तसाच राहिला. "रडला कशाला?"

"मला काय माहीत? मी होते का तिथे? जा आणि विचार. नाहीतर मी जाऊन विचारते, आणि येताना गालिचा घेऊन येते, मग बघ खर्च."

शनिवारी तो बिल्स्टनला गेला. दुकान मोठं झालं होतं. दारातच उभ्या वळकट्यांची गर्दी, नव्या रबराचा वास. आत एक पांढऱ्या दाढीचा, पोट सुटलेला माणूस, निळी पगडी, कानामागे पेन्सिल, जमिनीवर गुडघे टेकून काहीतरी कापत होता. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ग्लेनरॉयला वाटलं, आत्ताही परत फिरता येईल, दार मागेच आहे.

"चाळीस वर्षांनी गिऱ्हाईक म्हणून आला असशील," तो माणूस म्हणाला, "तर दामदुप्पट घेईन. आणि डडलीवाल्याकडून घेतलंस ते मला माहीताय. तुझ्याच गल्लीत माझी मेहुणी राहते."

"मॅक," ग्लेनरॉय म्हणाला.

"बस. त्या वळकटीवर बस, ती विकली गेलीय, तिला काही होत नाही. चहा घेतोस? साखर टाकू का तीही आता सोडलीस?" मॅकची बडबड चालूच राहिली, हात मात्र एका जागी थांबले होते. ग्लेनरॉय बसला. त्यानं घरून येताना वाक्यं जुळवून आणली होती, हवापाणी, मुलंबाळं, मग हळूच विषय. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"त्या दिवशी हँड्सवर्थला मी पळालो," तो म्हणाला. "तुम्हाला तोंडघशी पाडून. ते कधी बोललो नाही. आणि आता मला एक विचारायचंय."

मॅकनं कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "कोण म्हणतं तू पळालास?"

"मीच म्हणतो."

"आणखी कुणी?"

"आणखी कुणी कशाला म्हणायला पाहिजे? मी तिथे होतो ना."

"तू तिथे होतास," मॅक म्हणाला, "हे बाकी खरं." आणि मग तो नजर चुकवून म्हणाला, "जाऊ दे, डायनमो. ते आपण काढत नाही."

"काय काढत नाही?"

"ते. ठरलंय आपलं. मी बायकोला पण सांगितलं नाही."

"मॅक, माझी मान मोडली होती. डॉक्टर म्हणतात. हाड. त्यांनी विचारलंय कधी, कसं, आणि मला काहीच माहीत नाही."

मॅक उठायला गेला आणि अर्ध्यातूनच खाली बसला, जमिनीवरच. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "मोडली होती?" तो म्हणाला. "मला वाटलं लचकली. देवाशप्पथ, मला वाटलं लचकली असेल. तू उठून चालायला लागलास ना. मोडक्या मानेनं कुणी चालतं का?" मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हातांतूनच बोलत राहिला. "चिकटपट्टी संपली होती. तीन कडा झाल्या आणि चौथ्या कडेला संपली. मी म्हटलं, ती बाजू भिंतीकडे आहे, चालेल. कुणाला बोललो नाही. तू गोलात आत आलास, फिरायला लागलास, असा फिरलास की त्यांची पोरं पण मोजायला लागली. मग ती कड वर आली. टोपी अडकली तिच्यात, आणि वरचं सगळं अंग फिरतंच राहिलं."

ग्लेनरॉय ऐकत होता. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं त्याला वाटत होतं, एखाद्या धीट मुलाबद्दल, ज्याची आपली थोडी ओळख होती. "मी आत आलो?" तो म्हणाला.

"आलास म्हणजे? उडी मारून आलास. मला ढकलून आलास."

"आणि ते दार? हिरव्या दिव्याचं?"

"त्या दारापुढे त्यांचे ते मोठे स्पीकर रचले होते. तिथून मांजर गेलं नसतं."

"मला कडी आठवते," ग्लेनरॉय म्हणाला. "हाताला लागलेली. थंड."

मॅकनं हात खाली घेतले आणि त्याच्याकडे बघितलं. "बसमध्ये दांडा असतो," तो शेवटी चाचरत म्हणाला. "तो धरला होतास. सोडत नव्हतास." पण त्याच्या आवाजात खात्री नव्हती, आणि ग्लेनरॉयलाही ते पटलं नाही, दांडा गोल असतो, कडी चपटी होती. चाळीस वर्षं हातात असलेली वस्तू अशी कुणी म्हणतं म्हणून टाकून देता येत नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. आपण भित्रे नव्हतो. त्यानं ते मनात म्हणून बघितलं आणि काही झालं नाही, उलट राग आला, आणि कुणाचा ते कळेना. मुलाखती, एल्ड्रिज, ते बाक, सगळं ज्याच्या नावावर मांडलं होतं तो पोरगाच मुळात नव्हता. मग हे सगळं कुणी केलं?

"तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" त्याचा आवाज चढला. "एकानं तरी? रस्त्यात भेटले होते ना बाकीचे, दोघंही भेटले होते. हवा कशी आहे म्हणाले. चाळीस वर्षं, मॅक. 'पडला होतास, लागलं का रे' एवढं म्हणायला काय होत होतं?"

"आम्ही कसं म्हणणार," मॅक म्हणाला. "नियमच होता."

"कसला नियम?"

"पडलेल्याचं पडणं काढायचं नाही. त्याच्यासमोर नाही, त्याच्या मागं नाही, कधीच नाही. टोळीत राहायचं तर हे. तू शपथ घ्यायला लावली होतीस."

"मी?"

"तूच. दुसरं कोण? मी पडलो होतो ना चौकात, त्या केशरी रंगाचे बटाट्याचे चिप्स तळणाऱ्याच्या पोरीसमोर. पटका सुटला, केस सगळे तोंडावर, सगळं गाव हसलं. मी म्हटलं आजपासून बंद, परत येत नाही. तेव्हा तू सगळ्यांना त्या भिंतीशी उभं केलंस आणि म्हणालास, आपल्यातला जो कुणी पडेल त्याचं पडणं आपण पाहिलंच नाही. कुणी काढलं तर तो टोळीतून गेला." मॅकनं नाक पुसलं. "तेवढ्यामुळे मी राहिलो. आयुष्यात कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. मग तू पडलास तर मी तो नियम मोडू? मला वाटलं, तू येत नाहीस ते माझ्यावरच्या रागानं. कड मी सोडली म्हणून. तुझ्या दाराशी आलो तेव्हा तेच कबूल करणार होतो. मग वाटलं, कबूल करायचं म्हणजे पडणं काढायचं."

ग्लेनरॉयला ती भिंत आठवली नाही. शपथ आठवली नाही. मॅकचे मोकळे केस तेवढे आठवले, चांगले कमरेपर्यंत, आणि आपल्याला तेव्हा हसू आलं होतं हेही आठवलं. एवढ्या चांगल्या मनाचा मुलगा आपण असू असं त्याला वाटत नव्हतं, आणि होतो असं समोरचा म्हाताराच छातीवर हात ठेवून सांगत होता. दुकानात एक जोडपं आलं, मॅकनं पंजाबीत आत कुणाला तरी हाक मारली, तो कुणीतरी त्यांच्याकडे गेला. चहा आला. ग्लेनरॉयनं कप उजव्या हातात धरला.

"मी एकटा आलो ना परत?" त्यानं विचारलं. "एवढं तरी मला आठवतं. बसमध्ये वर, अंधार पडत होता, काचेवर डोकं. शेजारी कुणी नव्हतं."

"डायनमो," मॅक म्हणाला, "मी होतो."

"नव्हतास."

"बाकीचे लिनोलियम घेऊन मागं राहिले. मी तुला घेऊन आलो. त्या निळ्या कपड्यांतल्या एकानं पळत जाऊन बर्फाची कांडी आणली होती, ती तुझ्या मानेवर धरून बसलो होतो, सगळी माझ्या बाहीत वितळली. तू सारखं एकच विचारत होतास. आपण जिंकलो का? मी म्हणायचो, जिंकलो. तू म्हणायचास, बरं. मग पुढचा थांबा आला की पुन्हा, मॅक, आपण जिंकलो का? वेस्ट ब्रॉमिच गेलं, वेन्सबरी गेलं, तुझं चालूच. मी प्रत्येक वेळी सांगितलं. फाटकापर्यंत आणलं, तू म्हणालास, आता जा, आई बघेल. म्हणून गेलो. तुझ्या आईला सगळेच भीत होते."

"आणि जिंकलो होतो?"

"कसले जिंकतोय. तू पडल्यावर त्यांनी टेपच बंद केली. पुढे कुणी नाचलंच नाही."

ग्लेनरॉयनं डोळे मिटले आणि ती बस समोर आणली. ती लगेच आली, इतकी वर्षं हुकमाची होती. पिवळा दिवा, धुरकट काच, समोरच्या बाकाची फाटकी पाठ. त्यानं शेजारी मॅकला बसवून पाहिलं. बसेना. पंधरा वर्षांचा बसवला, हा पांढऱ्या दाढीचा बसवला. जागा रिकामीच राहायची, मळकट, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. आपल्याला सोबत होती हे कळूनही एकटेपणा जराही हलत नाही, याची त्याला भीती वाटली. आयुष्य सरत आल्यावर कुणी येऊन सांगावं, तुझ्या शेजारी मी होतो, आणि आपल्याला तो दिसू नये.

"कुठल्या बाजूला बसला होतास?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"खिडकीशी तू. मी बाहेरच्या अंगाला. वळणावर तू पडू नयेस म्हणून."

ग्लेनरॉय वळकटीवर भिंतीकडे सरकला. मॅकला आधी कळलं नाही. मग तो गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठला आणि त्याच्या शेजारी, बाहेरच्या अंगाला येऊन बसला. वळकटी दोघांच्या वजनानं थोडी दबली. मॅकच्या अंगाला रबराचा आणि वेलचीचा वास येत होता.

"मॅक, मी खरंच आत आलो होतो?"

"आला होतास."

"बरं," ग्लेनरॉय म्हणाला. दुकानात माणसं येत होती, जात होती. चहा निवला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि मॅकनं पुन्हा तेच सांगितलं.